बाळाचे दात येताना



बुऱ्हाणपुरात रात्रीही यंत्रमागांची खडखड चालू असते.
त्या आवाजातही बाळ गाढ झोपतं.
पण दात यायला लागले, की तेच बाळ सारखं उठतं.
आई थकते.
बाबा रात्रपाळीहून येतात, तेही जागेच.

पहिला दात बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो.
आधी खालचे, पुढचे दोन.
कुणाचा वर्षाला येतो. तेही ठीक.

लाळ गळते. हिरड्या सुजतात.
हात स्वच्छ धुवा, आणि बोटाने हिरडी हळूच चोळा.
धुतलेलं, ओलं, थंड फडकं चावायला द्या.
हिरडी बधिर करणारं मलम नको.
गळ्यात मण्यांची माळ नको.
ती तुटली, तर मणी घशात अडकतो.

आता महत्त्वाचं.
“दात येताहेत, जुलाब होणारच,” असं आजी मायेने सांगते.
आजीची माया खरी. पण ही समजूत खरी नाही.
याच वयात बाळ रांगतं.
जमिनीवरचं उचलून तोंडात घालतं.
जंतू तिथून पोटात जातात.

पुन्हा सांगते, जुलाब दातांमुळे होत नाहीत.
जोराचा तापही दातांमुळे येत नाही.

जुलाब लागले, तर अंगावरचं दूध चालू ठेवा.
ओआरएसचं पाणी थोडं थोडं पाजा.
बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, किंवा आशाताईंना बोलवा.

आपल्याकडचं ऊन कडक.
बाळाच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं.
दातांवर ढकलून, एक दिवसही थांबू नका.