प्रकाशाच्या पुढे धावणारी आरमारे



निसर्गाचे काही कायदे असे आहेत की त्यांत पळवाट नाही, आणि तेथे कोणाची रदबदलीही चालत नाही. प्रकाशाच्या वेगाचा कायदा हा त्यांतलाच. प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर धावतो आणि कोणत्याही वस्तूला त्याच्यापुढे जाता येत नाही. आता अंतरे पाहा. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे सतरा किलोमीटर वेगाने चालले आहे. त्या वेगाने त्या ताऱ्यापर्यंत जायचे म्हटले, तर सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. आणि हा झाला केवळ शेजारी! आपल्या आकाशगंगेचा विस्तारच मुळी एक लाख प्रकाशवर्षांच्या घरात आहे.

तेव्हा आकाशगंगेच्या पटावर साम्राज्यांचा खेळ मांडू पाहणाऱ्याला पहिल्याच पावलाला हा कायदा मोडावा लागतो. तो मोडल्यावाचून दोन राजे एकमेकांना भेटणार नाहीत, मग लढणे तर दूरच. परंतु निसर्गाचा कायदा मोडला म्हणजे काम संपत नाही. त्याच्या जागी स्वतःचा एखादा कायदा आणावा लागतो, आणि तो कसा आणला यावर सगळा खेळ अवलंबून राहतो. या गोष्टीचे मला माहीत असलेले उत्तम उदाहरण म्हणजे स्टेलॅरिस नावाचा संगणकावर खेळायचा खेळ. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे पॅरॅडॉक्स या संस्थेने तो तयार केला आणि मे २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

ज्यांनी असे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खेळाडूच्या हाती एका लोकसमूहाचे भवितव्य असते. हे लोक माणसेच असतील असे नाही. बुरशीसारखे वा पक्ष्यांसारखे जीवही असू शकतात. खेळातील कालगणना २२०० सालापासून सुरू होते. या लोकांना ताऱ्याताऱ्यांमधून प्रवास करण्याची विद्या नुकतीच साधलेली असते. समोर दोनशेपासून हजारपर्यंत तारे पसरलेले असतात. त्यांचा शोध घ्यायचा, वसाहती करायच्या, शेजाऱ्याशी तह करायचा आणि तो मोडला तर आरमार घेऊन चालून जायचे, असा हा पट आहे.

आरंभी या खेळात प्रवासाच्या तीन तऱ्हा होत्या आणि प्रत्येक लोकसमूहाने त्यांतली एक निवडायची असे. पहिली वार्प. टप्प्यात असलेल्या कोणत्याही ताऱ्याकडे थेट निघायचे. वाट नाही, खूण नाही. प्रत्येक झेपेपूर्वी यंत्र सज्ज होईपर्यंत थांबायचे आणि झेपेनंतर ते निवेपर्यंत पुन्हा थांबायचे, एवढाच त्रास. दुसरी हायपरलेन, म्हणजे ताऱ्यांना जोडणारे ठरीव मार्ग. त्या मार्गांवर वेग भरपूर, पण मार्ग सोडून एक पाऊल इकडेतिकडे टाकता येत नाही. तिसरी वर्महोल. तिला आपण कृमिविवर म्हणू. तिच्यासाठी अवकाशात स्थानके बांधावी लागत. स्थानकाच्या आवाक्यातील कोणत्याही ताऱ्यावर आरमार क्षणात उतरे; परंतु आरमार जितके मोठे, तितका विवर उघडण्यास वेळ अधिक, आणि परतायचे तेही त्याच स्थानकामार्फत. शत्रूने ते स्थानक उडवले की परमुलखात गेलेले आरमार तेथेच अडकले!

कल्पना मोठी मनोहर होती. ज्याची चाल वेगळी, त्याचा स्वभावही वेगळा. वार्पवाले भटके, मार्गवाले शिस्तीचे, विवरवाले धाडसी आणि तितकेच हळवे. पण बुद्धिबळाच्या पटावर काय असते ते आठवा. तेथे उडी मारण्याचा अधिकार एकट्या घोड्याला आहे. उरलेली मोहरी मधल्या सोंगटीपाशी अडतात. म्हणूनच प्याद्यांची फळी हा बचाव ठरतो. सगळीच मोहरी घोड्यासारखी उड्या मारू लागली तर प्यादे पुढे सरकवण्यात अर्थ काय राहील?

स्टेलॅरिसमध्ये नेमके हेच झाले. वार्पवाला शत्रू कोणत्या ताऱ्यावर उतरेल याचा नेम नसे. सरहद्दीवर गड बांधावा, तर तो गडाला वळसा घालून थेट घरात शिरे. मग सरहद्द म्हणजे नकाशावर काढलेली एक रंगीत रेघ, याहून अधिक काही उरत नसे. गड बांधण्यापेक्षा सगळी जहाजे एका प्रचंड आरमारात गोळा करावी आणि शत्रूच्या आरमाराचा पाठलाग करीत फिरावे, हेच शहाणपण ठरे. पुष्कळदा दोन्ही आरमारे एकमेकांना चुकवून परस्परांच्या वसाहती उद्ध्वस्त करीत, आणि त्याला युद्ध म्हणायचे! काही खेळाडू आपसात ठरवून सर्वांसाठी हायपरलेनच सक्तीची करीत; तशी सोय खेळात होतीच. दुखणे कुठे आहे हे त्यांनी केव्हाच ओळखले होते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये खेळाच्या कर्त्यांनी जाहीर केले की यापुढे आरंभी सर्वांना एकच तऱ्हा मिळेल, ती म्हणजे हायपरलेन. फेब्रुवारी २०१८ मध्ये हा बदल अंमलात आला. त्या आवृत्तीला विज्ञानकथालेखिका सी. जे. चेरी यांचे नाव दिले होते.

यातली एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या दोन तऱ्हा काढून टाकल्या, त्यांना भौतिकशास्त्रात निदान कागदावरचा आधार आहे. १९३५ साली आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी अवकाशाचे दोन भाग जोडणाऱ्या सेतूचे गणित मांडले. १९९४ साली मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञाने यानाभोवतीचे अवकाशच पुढे आकुंचित आणि मागे प्रसृत करण्याची कल्पना मांडली. तिच्यासाठी लागणारी ऋण ऊर्जा आणायची कोठून, हा प्रश्न निराळा. परंतु जी तऱ्हा शिल्लक राहिली, त्या ठरीव तारामार्गांना कसलाच शास्त्राधार नाही. ती शुद्ध कथाकारांची निर्मिती. शास्त्राची दोन लेकरे घराबाहेर आणि कल्पनेचे लेकरू गादीवर! मला यात काही वावगे वाटत नाही. खेळाला जो कायदा हवा असतो तो खरा असण्यापेक्षा पटाला शोभणारा असावा लागतो.

आता या मार्गांवर प्रवास कसा होतो ते पाहू. प्रत्येक ताऱ्याच्या परिसराच्या कडेला, जितके मार्ग फुटतात तितकी तोंडे असतात. आरमार एका तोंडातून आत येते, साध्या वेगाने तो परिसर ओलांडते, दुसऱ्या तोंडाशी थांबून यंत्र सज्ज करते आणि पुढच्या ताऱ्यावर जाते. मार्गावरचा प्रवास अल्पकाळाचा. खरा वेळ जातो तो परिसर ओलांडण्यात. म्हणजे प्रकाशाहून वेगवान अशा या प्रवासात खेळाडू बहुतेक काळ प्रकाशाहून मंद गतीनेच रखडत असतो. आणि युद्ध घडते ते याच रखडण्याच्या काळात, कारण तेवढ्यात शत्रूला गाठता येते.

त्यामुळे काही तारे खिंडीसारखे झाले. दहा ताऱ्यांच्या मुलखात शिरायला एकच वाट असेल, तर त्या वाटेवरचा तारा म्हणजे त्या मुलखाचा दरवाजा. तेथे ठाणे बांधायचे, तोफा चढवायच्या आणि एक रोधयंत्र बसवायचे. हे यंत्र चालू असले की शत्रूचे आरमार आले त्या वाटेने परत जाऊ शकते, पण ठाणे पाडल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. ग्रहावरील किल्ल्यालाही हे सामर्थ्य येते. मग आकाशातले ठाणे पडले तरी खाली सैन्य उतरवून तो ग्रह जिंकावा लागतो. पूर्वी सरहद्द वसाहतींच्या प्रभावाने आपोआप पसरे. आता तारा आपला म्हणायचा तर तेथे चौकी उभारावी लागते. एखादा ओसाड, निरुपयोगी तारा केवळ तीन वाटांच्या तोंडाशी आहे म्हणून त्यासाठी दोन राज्ये पिढ्यान् पिढ्या झगडतात. याच बदलाबरोबर ताऱ्यांनाही गुण आले. स्पंदताऱ्यापाशी जहाजांची ढाल निकामी होते, न्यूट्रॉन ताऱ्यापाशी चाल मंदावते, तेजोमेघात काय दडले आहे ते बाहेरून दिसत नाही. दुबळे आरमारही जागा पाहून उभे राहिले तर सबळाला जेरीस आणू शकते.

तथापि तक्रार करणारेही पुष्कळ होते, आणि त्यांची तक्रार मला पोकळ वाटत नाही. ज्याने वार्पसाठी हा खेळ विकत घेतला, दोन वर्षे त्याच चालीत बुद्धी मुरवली, त्याला एके दिवशी सांगायचे की तुझी चाल रद्द झाली! जुनी आवृत्ती खेळण्याची मुभा ठेवली होती हे खरे, पण नव्या गोष्टी त्या आवृत्तीत येणार नव्हत्या. शिवाय नव्या कायद्याने एक नवा जाचही आणला. शेजाऱ्याचा तारा तुमच्या एकमेव वाटेवर असेल आणि त्याने सरहद्द बंद केली, तर खेळाच्या आरंभीच तुमचा कोंडमारा होतो. युद्ध करा, नाहीतर हाती असलेल्या चार-सहा ताऱ्यांत दिवस काढा.

वेगळ्या चाली एका पटावर नांदूच शकत नाहीत असेही नाही. २००६ साली कॅनडातील कर्बेरॉस या संस्थेने काढलेल्या सोर्ड ऑफ द स्टार्स या खेळात प्रत्येक जातीची गती निराळी होती. मानव ठरीव मार्गांनी जात. हायव्हर नावाच्या कीटकसदृश जातीजवळ प्रकाशाहून वेगवान यानेच नव्हती. ते वर्षानुवर्षे प्रवास करून एखाद्या ताऱ्यावर द्वार बांधीत आणि मग तेथे त्यांच्या फौजा क्षणात येऊन ठाकत. पुढे त्यात आलेली झूल नावाची जात तर अवकाश फाडून स्वतःच मार्ग पाडी. तो खेळ आरंभापासून या भेदाभोवतीच रचला होता. स्टेलॅरिसचे मन ठाण्यांत, सरहद्दींत आणि तहनाम्यांत गुंतले होते. माझ्या मते त्याच्या कर्त्यांचा निर्णय बरोबर होता. मात्र त्याची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली.

गेलेल्या दोन तऱ्हा समूळ गेल्या असेही म्हणता येत नाही. त्या उत्तरार्धात वेष पालटून परत येतात. नैसर्गिक कृमिविवरे दूरचे दोन तारे जोडतात, पण ती स्थिर करण्याची विद्या आधी मिळवावी लागते. प्राचीन, ओसाड महाद्वारे सापडतात. ती पुन्हा चालू करता येतात आणि पुढे स्वतःची बांधताही येतात. एका महाद्वारातून दुसऱ्या कोणत्याही महाद्वारात क्षणार्धात जाता येते. साम्राज्य विस्तारून विस्कळीत होऊ लागते, नेमकी तेव्हाच ही सोय हाती येते.

आणि अखेरीस येते जंप ड्राइव्ह. मार्ग, खिंडी, ठाणी, सारे ओलांडून टप्प्यातल्या ताऱ्यावर थेट उडी. इतकी वर्षे बांधलेले गड मधल्या मधे राहून जातात. फक्त उडीनंतर त्या आरमाराचा मारा आणि त्याची चाल दोनशे दिवस निम्म्यावर येते. शत्रूच्या अंगणात उतरलेले ते थकलेले आरमार आणि आपले तेथवर कूच करणारे आरमार यांच्यामध्ये किती तारे आहेत, हे नकाशावर बोट ठेवून मोजावे लागते, आणि ते भराभर मोजावे लागते.