घरगुती भरतकामाचें पहिलें यंत्र

भरतकाम ही आपल्या घरांतली जुनी कला आहे. बाळाची कुंची, मुलीचें परकर-पोलकें, दारावरचें तोरण, लग्नांतील रुखवत, या सर्व ठिकाणीं घरच्या बायकांचें कसब दिसत आलें आहे. या कलेस भांडवल लागे तें फार थोडें : एक सुई, एक लांकडी रिंग, चार रेशमाच्या लड्या आणि भरपूर वेळ. आजच्या घरांत पहिल्या तीन वस्तूंची उणीव नाहीं. उणीव आहे ती वेळेची. म्हणूनच भरतकामाचें यंत्र घ्यावें, असा विचार पुष्कळ कुटुंबांत निघतो. कोणास नातवंडांच्या कपड्यांवर नांवें भरावयाचीं असतात, तर कोणास ब्लाउजचें काम घेऊन घरखर्चास हातभार लावावयाचा असतो. दोन्ही हेतु चांगले. परंतु त्यांस लागणारें यंत्र एकच नव्हे. स्वतःचा हेतु न ठरवितां जें कुटुंब दुकानांत जातें, तें दुकानदाराच्या हेतूप्रमाणें यंत्र घेऊन परत येतें.

यंत्रानें भरतकाम करण्याची कल्पना मुळांत नवी नाहीं. म्युलूझ येथील जोशुआ हाइलमान यानें १८२८ च्या सुमारास असें एक यंत्र बनविलें, आणि स्वित्झर्लंडमधील इझाक ग्रोब्ली यानें १८६३ मध्यें धोट्याच्या तत्त्वावर दुसरें सिद्ध केलें. हीं कारखान्यांचीं अवजड यंत्रें. संगणकाच्या आज्ञेनें नक्षी भरणारें यंत्र सामान्य घरांत शिरलें तें फार अलीकडे. जपानच्या जानोमे कंपनीचें १९९० सालचें ‘मेमरी क्राफ्ट ८०००’ हें त्यांतील आद्य मानलें जातें.

आज घरीं यंत्रावर भरतकाम करावयाचें तर मार्ग तीन आहेत. पहिला मार्ग जवळजवळ फुकटाचा. ज्या घरीं पायानें चालणारें जुनें शिवणयंत्र अद्याप चांगलें चालतें, तेथें त्याच यंत्रावर भरतां येतें. प्रेसर फूट काढावा, कापड पुढें ओढणारे दांते खालीं घ्यावे किंवा त्यांवर झांकणाची पट्टी बसवावी, कापड रिंगेंत ताणून घट्ट बसवावें आणि दोन्ही हातांनीं रिंग फिरवीत सुईखालीं पान, फूल, देंठ उमटवावें. फूट काढला असला तरी त्याची दांडी खालीं पाडलीच पाहिजे. नाहीं तर वरच्या दोऱ्यास ताण मिळत नाहीं आणि खालच्या बाजूस दोऱ्याचा गुंता होतो. बोटें सुईपासून दूर ठेवावीं, हें सांगणें नकोच. दुसरा मार्ग झिगझॅग यंत्राचा. त्याची सुई डावीउजवीकडे झुलत असल्यामुळें टाका रुंद पडतो आणि पाकळ्या भरदार येतात. बाजारांतील कसबी कारागीर याच तऱ्हेच्या यंत्रावर झपाट्यानें काम करतात. परंतु तें कसब हाताचें असतें, आणि तें येण्यास महिने लागतात. तिसरा मार्ग संगणकी यंत्राचा. येथें नक्षी यंत्राच्या स्मरणांत असते, रिंग यंत्रच हालवितें, आणि माणसाकडे कापड बसविणें, दोरा बदलणें व लक्ष ठेवणें एवढेंच उरतें. किंमत अर्थातच सर्वांत अधिक.

संगणकी यंत्र घ्यावयाचें ठरल्यास प्रथम पाहावयाची ती रिंग. लहान यंत्रांत भरण्याचें क्षेत्र बहुधा १० सेंटिमीटर लांब व तितकेंच रुंद, म्हणजे सुमारें ४ इंचांचा चौरस, असतें. त्यावरील यंत्रांत तें १३ बाय १८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारें ५ बाय ७ इंच, असतें. हातरुमाल, टॉवेल, झबलें, खिशावरचें चिन्ह यांस पहिलें माप पुरेसें आहे. ब्लाउजची पाठ, उशीचा अभ्रा किंवा साडीचा पदर भरावयाचा असेल, तर तें तोकडें पडतें. मग एकच नक्षी तुकड्यातुकड्यांनीं भरावी लागते आणि दर वेळीं कापड अचूक जुळवावें लागतें. दोरा, सुया, नक्षी या वस्तु मागाहून घेतां येतात. यंत्राचें क्षेत्र मागाहून वाढवितां येत नाहीं. लहान यंत्रासाठीं मोठी रिंग निराळी विकत मिळते, तिनें पुष्कळांची फसगत होते. त्या रिंगेंत कापड मोठें बसतें खरें, परंतु यंत्र एका वेळीं भरतें तें आपल्या मूळच्या लहान क्षेत्राइतकेंच.

दुसरा प्रश्न : केवळ भरतकामाचें यंत्र घ्यावें, कीं शिवण आणि भरत दोन्ही करणारें? घरीं शिवणयंत्र नसेल तर जोडयंत्र सोयीचें. असेल, तर त्याच कामासाठीं पुन्हां पैसे मोजण्यांत अर्थ नाहीं. शिवाय एकीकडे नक्षी भरत असतां दुसरीकडे शिवण चालू राहते, हा लाभ निराळाच.

तिसरा प्रश्न आपल्या लिपीचा. पुष्कळशा यंत्रांत रोमन अक्षरें आयतीं असतात. देवनागरी असतीलच असें नाहीं. मराठी घरांत नांवें भरावयाचीं तीं देवनागरींत. ‘रमा’ कसेंबसें जमेल, परंतु ‘श्रद्धा’ किंवा ‘ज्ञानेश’ म्हटलें कीं जोडाक्षर, मात्रा आणि अखंड शिरोरेषा यांची परीक्षा होते. यास्तव दुकानांत गुलाबाचें फूल भरून दाखविलें म्हणून भुलूं नये; आपलेंच नांव भरून मागावें. तशी सोय यंत्रांत नसल्यास नक्षी बाहेरून तयार करून घालावी लागते. साधें छायाचित्र यंत्रास कळत नाहीं. टाक्यांचा क्रम, दिशा व दाटी सांगणारी विशिष्ट फाइल त्यास हवी असते. कंपनीगणिक तिचा प्रकार बदलतो : ब्रदरची पीईएस, जानोमेची जेईएफ, कारखान्यांतून रूढ झालेली ताजिमाची डीएसटी. अशा फाइली बनविण्याचीं सॉफ्टवेअरें कधीं कधीं फार महाग असतात. ‘इंकस्टिच’ हें मोफत आहे. तें शिकण्यास मात्र चिकाटी लागते. यंत्र पेन-ड्राइव्हवरून नक्षी घेतें कीं नाहीं, हेंही विचारावें. जुन्या कांहीं यंत्रांस स्वतंत्र कार्डें लागत. तीं आतां सहज मिळत नाहींत.

आतां पैशाचा हिशेब. शंभर रुपये हातीं असतील तर शंभरांचें यंत्र घेऊं नये. पाऊणशेंचें घ्यावें आणि पंचवीस सामानास राखावे. भरतकामाचा चमकदार दोरा, बहुधा ४० नंबरी, निराळा घ्यावा लागतो. बॉबिनसाठीं त्याहून बारीक दोरा लागतो. सुईही मोठ्या नेढ्याची हवी. ७५/११ हें तिचें नेहमींचें माप. जरीचा दोरा वापरावयाचा तर नेढें आणखी मोठें आणि गति मंद ठेवावी, नाहीं तर तो पदोपदीं तुटतो. कापडाखालीं आधाराचा न विणलेला कागद घालावा लागतो : घट्ट सुती कापडास फाडून काढण्याचा, ताणणाऱ्या कापडास मागें कायम राहणारा. टॉवेलवर पाण्यांत विरघळणारा पातळ पडदा वरूनही घालावा, म्हणजे टॉवेलचे फांस टाक्यांतून डोकावत नाहींत. या कागदाची काटकसर केली कीं कापड आंखडतें, आणि दोष मात्र यंत्रास दिला जातो.

हप्त्यांनीं यंत्र घेण्याची चाल जुनी आहे; अमेरिकेंत सिंगर कंपनीनें ती १८५६ मध्येंच शिवणयंत्रांसाठीं सुरू केली होती. हप्त्यांचा आंकडा लहान दिसतो. म्हणून सर्व हप्त्यांची बेरीज करून ती रोख किंमतीशेजारीं मांडून पाहावी. वापरलेलें यंत्र स्वस्त मिळत असल्यास तें चालवून घ्यावें. रुंद भरलेलें एखादें अक्षर उलटें करून पाहावें : मधोमध बॉबिनचा दोरा सुमारें एक-तृतीयांश रुंदीचा दिसावा आणि दोन्ही कडांस वरचा दोरा असावा. तसें असेल तर ताण बरोबर आहे. परदेशस्थ मुलगा अमेरिकेहून यंत्र आणीत असेल, तर तेथील वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० व्होल्टची, हें आधीं ध्यानांत घ्यावें. हमीही बहुधा त्या देशापुरतीच असते. दुरुस्ती करणारा आपल्या शहरांत कोण आहे, याची चौकशी किंमतीच्या चौकशीपूर्वीं करावी.

उत्पन्नाची आशा धरणाऱ्यांनीं आणखी एक गणित करावें. नक्षी १०,००० टाक्यांची असेल आणि यंत्र मिनिटास ४०० टाके घालीत असेल, तर केवळ भरण्यास २५ मिनिटें लागतात. एका सुईच्या यंत्रांत रंग बदलला कीं यंत्र थांबतें आणि दोरा हातानें ओंवावा लागतो. पांच रंग, कापड बसविणें, दोरे कापणें यांचीं पंधरा मिनिटें धरलीं, तर एका नगास ४० मिनिटें झालीं. दिवसाचे पांच तास काम केलें, तर सात नग होतात; आणि त्यांत गिऱ्हाइकाचें एखादें कापड बिघडलें, तर त्याची भरपाई आपल्याच पदरची. या सात नगांची मजुरी मनांत धरून यंत्राची किंमत किती महिन्यांत फिटेल, हें कागदावर मांडावें. तसें न करतां शेजारणीच्या मिळकतीच्या गोष्टींवर विसंबणें म्हणजे बाजारांत तुरी अन् भट भटणीला मारी.

तात्पर्य, घरच्या कापडांवर नांवें आणि लहान नक्षी हवी असेल त्यांस लहान रिंगेचें साधें यंत्र पुरे. ब्लाउजचें काम घेणारांनीं इतर सर्व शोभा सोडून मोठ्या रिंगेस पैसे द्यावे. आणि ज्यांचें मन अजून ठरलेलें नाहीं त्यांनीं दोन महिने घरच्याच शिवणयंत्रावर रिंग फिरवून पाहावी. त्यांत गोडी लागली तर पुढील खर्च सार्थकीं लागेल. न लागली, तर एका रिंगेच्या किंमतींत शहाणपण मिळालें, आणि घरची शिल्लक कोपऱ्यांत आच्छादनाखालीं धूळ खात पडली नाहीं, हा लाभही थोडा नव्हे.