जोडरस्ता आणि पाड्याची वाट



नंदुरबार जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, नवापूर-विसरवाडीवरून, सुरत-धुळे-नागपूर महामार्ग जातो. त्याचा जुना क्रमांक ६, आजचा ५३. जिल्ह्याच्या पूर्वेस, सीमेपलीकडे, मुंबई-आग्रा मार्ग सेंधव्यावरून इंदूरकडे जातो. विसरवाडी, नंदुरबारजवळील कोळदे, प्रकाशा, शहादा, खेतिया, सेंधवा असा रस्ता या दोहोंस जोडतो.

हा जोडरस्ता नसता, तर सुरतेकडून इंदूरला निघालेल्या मालमोटारीस धुळ्यापर्यंत जाऊन पुन्हा उत्तरेस वळावे लागले असते. त्रिकोणाची एक बाजू चालण्याऐवजी दोन बाजू चालण्यासारखेच ते आहे. शहाद्याची पपई उत्तर भारतात जाते. अशा नाशवंत मालाच्या बाबतीत वाचलेला वेळ म्हणजेच शेतकऱ्याच्या पदरात पडणारा भाव होय.

तथापि, केवळ मालमोटारी मोजून या रस्त्याचे मोल ठरविता येणार नाही. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी आपला जिल्हा अस्तित्वात आला. सातपुड्यातील आदिवासी बांधवांना प्रशासन जवळचे व्हावे, ही त्यामागील अपेक्षा. परंतु अक्राणी तालुक्यातील काही पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून खाली आणण्याची वेळ अद्याप येते. धडगावहून खाली येणारी वाट शहाद्यास या जोडरस्त्याला मिळते. पाड्यापासून धडगावपर्यंतची वाटच नसेल, तर खालचा रस्ता कितीही रुंद झाला तरी त्या रुग्णास त्याचा काय उपयोग?

म्हणून प्रत्येकाने आपला वाटा उचलावा. पंचायतींनी पाड्याच्या वाटेला विकास आराखड्यात अग्रस्थान द्यावे. गावातील सार्वजनिक रस्त्यांवरील अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने त्यांना दिलेला आहे, तो वापरावा. शिक्षकांनी मुलांना वेगवान रस्ता ओलांडण्याची शिस्त लावावी. अनुसूचित क्षेत्रात रस्त्यासाठी भूमिसंपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी अथवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करणे १९९६ च्या पेसा कायद्याने आवश्यक ठरविले आहे. अधिकाऱ्यांनी हा केवळ उपचार मानू नये.

दोन महामार्ग जोडले गेले, हे काम मोठेच. पण झोळीतला रुग्ण पाड्यावरच रुग्णवाहिकेत बसेल, तेव्हाच हा रस्ता आपल्या जिल्ह्याचा झाला, असे म्हणता येईल.