डग्गा कुठे हरवतो?

मी लखनौहून बोलतोय. आजचा विषय टर्नटेबलवाल्यांच्या नेहमीच्या तक्रारीचा आहे. रेकॉर्ड लावली की गाणं ऐकू येतं, पण आवाज पातळ वाटतो. बास भरत नाही. मग कुणी सांगतं सबवूफर घ्या, कुणी म्हणतं बासचं बटण फिरवा. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी खिशात हात घालू नका. बास बहुतेक वेळा रेकॉर्डमध्ये असतोच. तो वाटेत कुठे सांडतो, ते शोधायचं.

बास म्हणजे आपल्या भाषेत काय, तर डग्ग्याचा घुमारा. आणि डग्ग्याची गोष्ट लखनौत बसून सांगायला मला आवडतं. वाळकेश्वरला जन्मलेल्या पंडित भातखंड्यांनी १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज उभं केलं. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत ज्यांचा तबला महाराष्ट्राने ऐकला, ते उस्ताद अहमदजान थिरकवा पुढे याच संस्थेत शिकवायला होते. १९७६ साली ते गेले, तेही लखनौतच. त्यांच्या एकलवादनाची एलपी लावली आणि नुसती चाटीच ऐकू आली, डावा हात ऐकूच आला नाही, तर अर्धे थिरकवा गेले म्हणायचे.

आता कारणांकडे येऊ. एलपीची खाच कोरताना बास मुद्दाम कमी करतात. तसं केलं नाही तर खाच इतकी रुंद वळेल की शेजारच्या खाचेत घुसेल, सुई उडेल आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावणार नाहीत. मग वाजवताना तेवढाच बास परत वाढवायचा. या हिशेबाला आरआयएए कर्व्ह म्हणतात. १९५४ पासून तो रूढ झाला. ५० हर्ट्झला ही वाढ १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल असते. हे काम फोनो प्रीॲम्प करतो. तुम्ही टर्नटेबल थेट ऑक्समध्ये लावलं, तर ही वाढ होतच नाही. आवाज बारीक, वर कर्कश आणि खाली रिकामा. म्हणून पहिला प्रश्न हा: तुमच्या साखळीत फोनो आहे का? टर्नटेबलच्या मागे फोनो आणि लाइन असं लहान बटण असेल तर ते बघा. फोनो एकदाच हवा. दोनदा लागला तर आवाज फाटतो आणि घुमतो.

दुसरं कारण आपल्याकडच्या जुन्या प्लेअरचं. त्यांत बऱ्याचदा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याला फोनो लागत नाही, पण पुढचं इनपुट साधारण एक मेगाओहमचं लागतं. आजच्या ॲम्प्लिफायरचं ऑक्स इनपुट बरंच कमी ओहमचं असतं. तिथे ते जोडलं की पहिला जातो तो बास. चांगला मेकॅनिक मधे एक छोटं बफर सर्किट बसवून देतो. खर्च फार नाही.

तिसरं कारण उलट्या तारांचं. एका स्पीकरच्या किंवा कार्ट्रिजच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, आणि बास एकमेकांत विरतो. मोनो रेकॉर्ड लावा. बेगम अख्तरांची जुनी मोनो असेल तर उत्तम. दोन्ही स्पीकर समोरासमोर, हातभर अंतरावर ठेवा. ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या तारा उलटा आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत डग्गा भरतो ती बरोबर. कार्ट्रिजच्या मागे पांढरी, निळी, लाल, हिरवी अशा चार बारीक तारा असतात. पांढरी आणि निळी डाव्या बाजूच्या, लाल आणि हिरवी उजव्या. पांढरी व लाल या अधिक.

चौथं कारण खोलीचं. बारा फुटांच्या खोलीत, अगदी मधोमध खुर्ची टाकून बसलात, तर ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज तुमच्या कानाशी जवळजवळ नाहीसा होतो. भिंतीजवळ मात्र तोच घुमतो. खुर्ची मागच्या भिंतीपासून चार फुटांवर आणून बघा. मग स्पीकर मागच्या भिंतीकडे वीतवीत सरकवत जा. फुकटचा उपाय आहे, आणि पुष्कळदा हाच सगळ्यात मोठा ठरतो. टर्नटेबल मात्र स्पीकरच्या फळीवर ठेवू नका. कंप सुईत परत शिरतो आणि बास चिखल होतो. आमच्या चौकातल्या जुन्या घरांत लखौरी विटांच्या जाड भिंती असतात. त्यांतला कोनाडा टर्नटेबलसाठी अगदी झकास.

जे बास नाही त्याला बास समजू नका. अर्थची तार नीट नसेल तर ५० आणि १०० हर्ट्झची घरघर येते. ती सततची असते, डग्गा बोलावर येतो. लखनौच्या उन्हाळ्यात रेकॉर्ड वाकल्या, तर वूफरचा पडदा आतबाहेर डोलतो. त्यातून आवाज येत नाही, फक्त ॲम्प्लिफायरची ताकद वाया जाते. त्यासाठी सबसॉनिक फिल्टर असतो.

काही वेळा बास रेकॉर्डमध्येच नसतो, हेही सांगायला हवं. मायक्रोफोन येण्याआधीच्या ७८ च्या तबकड्या भोंग्यात गाऊन भरलेल्या आहेत. १५०-२०० हर्ट्झच्या खालचं त्यांत फारसं टिकलेलं नाही. तिथे बटण फिरवून फक्त खरखर वाढते. विजेवर भरलेल्या ७८ मध्ये बास असतो, पण तिला जाड सुई लागते, आणि आरआयएएच्या आधी प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा होता.

एवढा खटाटोप कशासाठी? परवा आमच्या ओळखीचे एक काका आले. पस्तीस वर्षं इथे नोकरी केलेले, आता पुण्याला मुलाकडे निघालेले. म्हणाले, “सगळ्या रेकॉर्ड पेनड्राइव्हवर करून घेतल्यात, आता या रद्दीवाल्याला देतो.” मी म्हटलं, “काका, एकदा दोन्ही शेजारी शेजारी ऐकूया.” पेनड्राइव्हमध्ये तबला म्हणजे टेबलावर बोटं आपटल्यासारखा. मग तीच रेकॉर्ड फोनोमधून लावली. डग्गा उमटला तसे काका मांडीवर हात टेकून थांबले. म्हणाले, “अरे, हा तर आमच्या घरातला आवाज!” रेकॉर्ड आता त्यांच्यासोबत पुण्याला चालल्यात.

तर मंडळी, क्रम लक्षात ठेवा. आधी फोनो, मग कार्ट्रिज, मग तारा, मग खुर्ची आणि स्पीकर. इतकं करून कमी वाटलं तर सबवूफरचा विचार करा. आणि घरातली एकही रेकॉर्ड, तिचा डग्गा एकदा नीट ऐकल्याशिवाय, बाहेर काढू नका.