कुंपणापलीकडचा कचरा
(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा स्वतःच्या कर्तृत्वाचे सांगण्याजोगे फारसे काही सापडले नाही. म्हणून एका चुकीविषयी बोलतो.

आपल्या शाळेत शनिवारी श्रमदानाची तासिका असे. एकदा आम्ही चार मुलांनी मैदान झाडून सारा कचरा कुंपणाच्या फटीतून पलीकडे ढकलला. बाईंनी ते पाहिले. त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, "आता पलीकडे जा आणि तोही उचलून आणा." त्या दिवशी आमची मधली सुट्टी गेली. त्या वाक्याचा अर्थ मात्र मला चाळीस वर्षांनी, जयपुरात कळला.

नोकरीनिमित्त मी तिथे स्थायिक झालो. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेले हे शहर अरवलीच्या कुशीत आहे. पाऊस बेताचा, म्हणून डोंगरावरचे पाणी अडवण्याची विद्या पूर्वजांनी जोपासली. नाहरगड आणि जयगड येथे उतारावरचे पाणी चरांवाटे टाक्यांत व बावड्यांत उतरवण्याची योजना आजही पाहता येते. तेव्हा डोंगर स्वच्छ राखणे म्हणजे पिण्याचे पाणी राखणे होते.

आज त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी, वनजमिनीच्या कडेला, रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या रिकाम्या होतात. फुटक्या फरश्या, सिमेंटच्या गोण्या, लग्नातील पेले आणि उष्टे अन्न. उष्ट्यासाठी कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. जयपुरात झालानाचे बिबट्यांचे जंगल शहराला अगदी लागून आहे. तेव्हा बिबट्या वस्तीत शिरला अशी ओरड करताना, त्याला आमंत्रण कोणी धाडले, हेही पाहावयास हवे.

शेजारच्या काही मंडळींनी रविवारी सकाळी दोन तास तिथे सफाई करण्याचे ठरवले, मीही गेलो. वनविभागाची परवानगी घेतलेली होती, कचरा नेणारी गाडी आधीच सांगून ठेवलेली होती. हातमोजे घालायचे, काचा वेगळ्या ठेवायच्या, काही जाळायचे नाही आणि दगड उचलण्यापूर्वी काठीने हलवून पाहायचे, कारण खाली साप-विंचू असतात; एवढे नियम. पंधरा दिवसांत जागा लख्ख झाली. तिसऱ्या रविवारी पाहतो तो नवा ढीग! त्यात निळ्या वेलबुट्टीच्या फरश्यांचे तुकडे होते. मी ते ओळखले. ते माझ्याच न्हाणीघराचे होते.

नुकतेच घराचे काम काढले होते. राडारोडा उचलण्याचे पैसे मी मोजून दिले आणि तो कुठे जाणार, हे विचारले नाही. बांधकामाच्या राडारोड्याविषयी २०१६ साली झालेल्या नियमांनी तो निर्माण करणाऱ्यावरही जबाबदारी टाकली होती. मी मात्र पैसे देऊन मोकळा झालो होतो. कुंपणाची फट तीच होती, फक्त ढकलणारा हात भाड्याचा होता.

त्या दिवशी मी गप्प राहिलो. आठवडाभर झोप लागली नाही. पुढच्या रविवारी सर्वांसमोर सांगून टाकले. आमच्यातल्या एक वयोवृद्ध आजी हसून म्हणाल्या, "चला, म्हणजे सुरुवात योग्य घरापासून झाली!"

त्यानंतर आमच्या वसाहतीने ठरवले की, राडारोडा कुठे टाकणार हे लिहून दिल्याखेरीज कोणी घराचे काम काढायचे नाही. वनजमिनीकडे जाणाऱ्या वाटेवर मोठे दगड ठेवून घेतले. ती जागा आता बरीच स्वच्छ आहे. परंतु खोटे कशाला बोलू? थोड्या अंतरावर दुसरा ढीग दिसू लागला आहे. त्यामुळे आमचा रविवार अजून संपलेला नाही.

संत गाडगेबाबा गावात येत, आधी झाडू हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. तो क्रम मला आता फार अर्थपूर्ण वाटतो. हात राबल्यावाचून शब्दाला वजन येत नाही. आणि बाबांनी केवळ झाडून न थांबता लोकांना प्रश्न विचारले, हेही तितकेच खरे. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवड्यामागून आठवडे कचरा उचलला. लाटा तो परत आणत, तरी ते परत जात. चिकाटी म्हणतात ती हीच.

पालकहो, मुलांना झाडू जरूर द्या, पण त्याबरोबर एक प्रश्नही द्या: "हे इथून कुठे जाणार?" घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिशवीला, प्रत्येक गोणीला तो विचारला जावा. माजी विद्यार्थी मित्रांनो, आपण ज्या गावी असाल, तिथल्या टेकडीशी, नदीकाठाशी, उद्यानाशी महिन्यातून एक सकाळ नाते ठेवा.

साठ वर्षांत या शाळेने आपल्याला पुष्कळ काही शिकवले. मला तिचा एक धडा उशिरा समजला: कुंपण शाळेचे असते, जमीन सर्वांची असते. बाई आज हयात नाहीत. पलीकडचा कचरा मी अजून उचलतो आहे, एवढे त्यांना सांगावयाचे राहून गेले. ते आज आपणांपुढे सांगितले.