चापडा डोंगरात, घोणस आपल्या बांधावर



साप दिसला की आपण काठी शोधतो, चावला की मांत्रिक शोधतो. त्याची ओळख करून घ्यायला मात्र आपल्याला सवड नसते. ती आज करून घेऊ.

घोणशीच्या मोठ्या कुळात एक शाखा चापड्याची आहे. चापड्याच्या डोळा आणि नाकपुडीच्या मधे दोन्ही बाजूंना एकेक खळगी असते. उंदराच्या अंगाची ऊब या खळगीला कळते, म्हणून मिट्ट काळोखातही त्याला भक्ष्य सापडते. डोके त्रिकोणी, मान बारीक. हिरवा चापडा बांबूच्या बेटात फांदीला शेपटीचा विळखा घालून पडून असतो. मलबारी चापडा सह्याद्रीच्या ओल्या जंगलात, ओढ्याकाठच्या झुडपांत राहतो. तो हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळाही असतो. यांना ओल हवी, सावली हवी. आपल्या कपाशीच्या उघड्या रानात त्यांचे काय काम?

आपल्याकडची घोणस आणि फुरसे याच कुळातली, पण त्यांना ही खळगी नाही. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. डिवचली तर कुकरसारखी फुत्कारते. फुरसे लहान, अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करते. घोणस उंदरामागे कडब्याच्या गंजीत, पऱ्हाटीच्या ढिगात येते. फुरसे मुरमाड माळावर दगडाखाली बसते. म्हणजे जिथे आपला हात जातो, तिथेच.

आता मुद्द्याचे. सरकारी दवाखान्यातली सापाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. चापड्यासाठी ती बनलेली नाही. म्हणजे आपल्या रानातल्या सापांवर औषध आहे! तरीही २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यातली. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये काढला. पण कागदाने विष उतरत नाही.

तेव्हा साप चावला तर आवळून बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता थेट दवाखाना गाठा. गंजीत हात घालण्याआधी काठीने आपटा, रात्री बॅटरीशिवाय रानात जाऊ नका. आणि पेरणीआधी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन एकच प्रश्न विचारावा: लस आहे का? नसेल तर ती येईपर्यंत आपण उठायचे नाही.