ही रात्रपाळी कुणाची?

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यातील 'बायका आणि प्रवास' या सत्रात केलेले भाषण)

या सत्रातला रात्रीचा भाग माझ्याकडे आला आहे. आपल्यापैकी बऱ्याचजणी आता बैठकांसाठी, प्रशिक्षणासाठी परदेशी जातात. काहीजणी पैपै साठवून सहलीला जातात. बँकॉक तर अनेकींचे पहिले परदेशी शहर असते. तिथे पोचले की एक वाक्य हमखास कानावर येते, "इथले खरेखुरे, स्थानिक नाइट लाइफ पाहू या."

पाहावे का? जरूर पाहावे. दिवेलागणीच्या आत घरात यायचे, अशा शिस्तीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना अनोळखी शहरात रात्री अकरा वाजता निवांत हिंडता येणे ही केवढी गोष्ट आहे, हे तुम्हांला मी सांगायला नको. आपल्या मौजेला माझी हरकत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आपण ज्याला नाइट लाइफ म्हणतो, ती कुणाची तरी रात्रपाळी असते. ती पाळी करणारी कोण, हे विचारल्याशिवाय आपल्याला काहीही 'स्थानिक' दिसलेले नसते.

बँकॉकचा पाटपाँग भाग घ्या. बारचे दिवे, नाचणाऱ्या मुली, बाहेर बोलावणारे दलाल. हीच थाई संस्कृती, असे समजून लोक परततात. पण या बाजाराला संस्कृतीपेक्षा युद्धाने अधिक वाढवले. 1967 साली अमेरिका आणि थायलंड यांच्यात करार झाला आणि व्हिएतनाममध्ये लढणारे अमेरिकन सैनिक 'विश्रांती आणि करमणुकी'साठी थायलंडला येऊ लागले. 1975 साली युद्ध संपले. सैनिक गेले, बार राहिले, आणि त्यांच्या जागी पर्यटक आले. बारमध्ये काम करणाऱ्या पुष्कळशा मुली ईशान्येकडच्या इसान या गरीब, शेतीवर जगणाऱ्या प्रदेशातून येतात आणि गावाकडे पैसे पाठवतात.

आता कायद्याची गंमत पाहा. 1960 साली थायलंडने वेश्याव्यवसायाला बंदी घातली. 1966 साली दुसरा कायदा करून नाचगाण्याच्या, मद्याच्या जागांना परवाने देण्याची सोय केली. म्हणजे मालकाची जागा कायदेशीर आणि तिथल्या बाईची कमाई बेकायदा! 1996 साली कायदा बदलला, तरी ग्राहक मिळवणाऱ्या बाईला दंड राहिलाच. अशी बाई कामगार म्हणून तक्रार कुठे करणार? उशीर झाला की पगार कापतात. ग्राहकाने महिन्याला ठरावीक पेये विकत घेतली नाहीत तर पगार कापतात. कामाच्या वेळात ग्राहकासोबत बाहेर जायचे तर बारला पैसे भरावे लागतात, त्याला 'बार फाइन' म्हणतात. आपण काचेपलीकडून पाहतो ते हसू या हिशेबातले आहे.

पण तिथल्या बायका केवळ सोसत बसलेल्या नाहीत. 1985 साली चांतविपा अपिसुक यांनी पाटपाँगमध्येच 'एम्पॉवर' ही संस्था उभी केली. सुरुवात इंग्रजीच्या वर्गाने झाली. ग्राहकाशी घासाघीस करायची, नाही म्हणायचे, तर भाषा हवी. पुढे 2006 साली या बायकांनी चिआंग माईला स्वतःचा 'कॅन डू' बार काढला. ठरलेले तास, आठवड्याची सुट्टी, सामाजिक सुरक्षा, असे सारे देशाच्या कामगार कायद्याप्रमाणे. बार म्हणजे अन्यायच असायला हवा असे नाही, हे त्यांनी बोलून नव्हे, चालवून दाखवले.

हे ऐकून आपल्याला सांगली आठवेल. धंदा करणाऱ्या बायकांनी 1996 साली तिथे 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. आणि 2005 सालही आठवेल. महाराष्ट्र सरकारने 'संस्कृती'च्या नावाने डान्स बार बंद केले. 2013 साली सर्वोच्च न्यायालयात ती बंदी टिकली नाही. पण मधल्या आठ वर्षांत ज्यांचे घरभाडे थकले, मुलांच्या शाळा सुटल्या, त्यांना ती वर्षे कोण परत देणार? त्यावेळी चळवळीतही दोन तट पडले होते. म्हणून सांगते, परदेशातला बार पाहून नाक मुरडणे आणि त्यालाच 'अस्सल' म्हणून टाळ्या वाजवणे, या दोन्हींत त्या बाईला कुणी काही विचारलेले नसते.

मला भावलेली रात्र पाक ख्लोंग तलाटची, चाओ फ्राया नदीकाठच्या फुलबाजाराची. हा बाजार रात्रभर चालतो. मी पहाटे दोनला गेले तेव्हा ट्रकमधून झेंडू, मोगरा, ऑर्किड उतरत होते. एक बाई लांब सुईने मोगऱ्याची माळ ओवत होती. मी बाजूला उकिडवी बसून पाहत राहिले. तिने मान वर करून पाहिलेही नाही. तिला सवड नव्हती, आणि माझ्याकडे पाहून हसणे हे तिचे कामही नव्हते. दादरचा फुलबाजार पाहिलेल्या बाईला तिथे परके वाटत नाही.

पण हाही बाजार सुखात नाही. 2016 साली तिथल्या पदपथावरच्या विक्रेत्यांना शहर प्रशासनाने हटवले. 2017 साली शहरभरच्या खाद्यगाड्यांवर कारवाईची घोषणा झाली, आणि यावोरात व खाओ सान या पर्यटकांच्या रस्त्यांवर मात्र त्या नियमांत बसवून ठेवायचे ठरले. म्हणजे पाहुण्याला दिसेल तिथे गाडी राहील. कारखान्यातून सुटलेल्या बाईला रात्री जेवण कुठे मिळेल, ते तिचे तिने पाहावे.

तेव्हा मैत्रिणींनो, जा. रात्री उशिरापर्यंत हिंडा. रस्त्यावर खा, गाणे ऐका, वाटले तर नाचा. पण जिथे बसाल तिथे चार गोष्टी मनाशी विचारा. हिच्या हातात खरेच किती पडते? ही नाही म्हणू शकते का? आजारी पडली तर हिचा पगार कापतात का? आणि मध्यरात्रीच्या सुमारास स्कायट्रेन बंद झाल्यावर ही घरी कशी जाते? बक्षिशी द्यायची तर तिच्या हातात द्या. परवानगीशिवाय फोटो काढू नका. बैठकीला गेला असाल तर तिथल्या कामगार बायकांच्या संघटनेला एक संध्याकाळ द्या.

आणि परत आल्यावर हेच चार प्रश्न आपल्या गावच्या एस. टी. स्टँडवर रात्री चहा विकणारीला, दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या आयाला विचारा. आपण रात्रीवर हक्क मागतो, तेव्हा त्या हक्काच्या यादीत त्यांची नावे आपल्या आधी हवीत. कारण रात्री बाहेर त्या कधीपासूनच आहेत.